मालमोटारीचा मागचा दिवा

कुटुंबांतील सर्वांनीं वाचावयाच्या मासिकांत मालमोटारीच्या मागच्या दिव्यावर लेख कशाला, असा प्रश्न कित्येकांस पडेल. परंतु मालमोटार ही आतां केवळ अडत्यांची व कंत्राटदारांची वस्तु राहिलेली नाहीं. कोंकणांत आंब्याच्या बागा राखणारीं, देशावर गूळ-हळदीचा व्यवहार पाहणारीं, किंवा एखादा लहानसा कारखाना चालविणारीं सुशिक्षित कुटुंबें आज पुष्कळ आहेत, आणि त्यांपैकीं कांहींच्या दारांत एखादी जुनी मालमोटार उभी असते. ज्यांच्या दारांत ती नाहीं, त्यांचाहि तिच्याशीं संबंध सुटत नाहीं. लग्नकार्याला, देवदर्शनाला, सुटींत मुलांना आजोळीं पोंचविण्याला आपण रात्रीं मोटारींतून निघतों, तेव्हां पुढें चाललेल्या मालमोटारीच्या मागच्या दिव्यावर आपला जीव अवलंबून असतो. म्हणून हा विषय जितका मालकाचा, तितकाच मागून येणाऱ्याचाहि आहे.

परक्यासाठीं लावलेला दिवा

ह्या दिव्याची स्थिति मोठी चमत्कारिक आहे. मोटारीचे पुढचे दिवे विझले तर हांकणाऱ्यास तत्क्षणीं कळतें, कारण त्याचीच वाट अंधारते. मागचा दिवा विझला तर त्यास पत्ताहि लागत नाहीं. त्याची वाट पूर्ववत् उजळलेली असते. अंधार पडतो तो दुसऱ्याच्या वाटेंत. दिवा आपला, खर्च आपला, आणि उजेड मात्र सर्वस्वी परक्यासाठीं, असा प्रकार असल्यामुळें घरच्या गाडीचा आरसा फुटला तर त्याच दिवशीं नवा येतो, पण मागचा दिवा ‘पुढच्या खेपेला बघूं’ ह्या सदरांत महिनोन् महिने पडून राहतो.

थोडा हिशेब करून पाहूं. ताशीं ८० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार एका सेकंदांत सुमारें २२ मीटर जाते. अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध माणसासहि सेकंद-दीड सेकंद लागतो. म्हणजे २२ ते ३३ मीटर ब्रेक लागण्यापूर्वींच संपले. पुढें कोरड्या व चांगल्या रस्त्यावर गाडी थांबावयास आणखी सुमारें ४० मीटर हवेत. बेरीज ६० ते ७५ मीटरांच्या घरांत गेली. आतां समोरून वाहनें येत असतां आपण दिव्यांचा झोत खालीं करतों, तेव्हां धुळीनें माखलेली काळसर वस्तु साधारणपणें ४०-५० मीटरांवर आल्यावरच ओळखूं येते. वजाबाकी वाचकांनींच करावी. दिवा नसलेली मालमोटार घाटांत उभी राहिली, कीं ती मागून येणाऱ्याच्या दृष्टीनें रस्त्यांत बांधलेली भिंतच होय.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागचा तांबडा दिवा १५५ मीटरांवरून दिसला पाहिजे, असें सांगितलें आहे. आणि नंबराच्या पाटीवर पांढरा उजेड पडून ती १५ मीटरांवरून वाचतां आली पाहिजे, असेंहि म्हटलें आहे. हा १५५ चा आंकडा कोणाला सरकारी कटकट वाटत असेल, तर त्यानें वरचा हिशेब पुनः पाहावा. उभ्या गाडीचा दिवा १५५ मीटरांवरून दिसला तर ८० च्या वेगानें येणाऱ्यास सुमारें सात सेकंद मिळतात, आणि सात सेकंदांत मनुष्य शांतपणें थांबूं शकतो.

दोन दिव्यांपैकीं एक लागत असला म्हणजे निम्मे काम झालें, असाहि एक समज आहे. तो फार घातक आहे. डावा दिवा पेटला आहे आणि उजवा विझला आहे अशी मालमोटार दुरून एखाद्या मोटारसायकलीसारखी दिसते. मागचा मनुष्य तिला तेवढीच जागा सोडून उजवीकडून पुढें निघूं पाहतो, आणि जेथें त्याला मोकळा रस्ता भासतो तेथें मालमोटारीचा अर्धा देह उभा असतो.

‘अर्थ’ म्हणजे काय

दोष कसा शोधावा हें समजण्यास दिव्याची रचना ठाऊक पाहिजे. विजेच्या प्रवाहास जावयास एक वाट लागते आणि परत यावयास दुसरी. घरांतील दिव्यास त्यासाठीं दोन तारा असतात. मोटारींत मात्र बहुधा एकच तार दिव्यापर्यंत जाते. परतीची वाट म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, ज्याला चासी म्हणतात. बॅटरीचें एक टोंक, बहुतेक गाड्यांत ऋण टोंक, चासीला जोडलेलें असतें. बल्बचें पितळी अंग होल्डरला लागतें, होल्डर दिव्याच्या पत्र्याला, आणि पत्रा स्क्रूनें चासीला. ह्या परतीच्या जोडणीला मिस्त्री लोक ‘अर्थ’ म्हणतात. शब्द इंग्रजी आहे, त्याचा मूळ भाव पृथ्वी असा; पण संस्कृत शिकलेल्या कानाला तो फार समर्पक वाटतो. शब्द सारे जागच्या जागीं असावेत आणि अर्थ तेवढा नसावा, अशा श्लोकाची जी दशा, तीच अर्थ तुटलेल्या दिव्याची.

जुन्या मालमोटारींत मागच्या बल्बांत बहुधा दोन तंतु असतात: एक ५ वॅटचा, रात्रभर जळणारा, दुसरा २१ वॅटचा, ब्रेक दाबला कीं पेटणारा. बारा व्होल्टांच्या गाडींत पहिल्यास अर्ध्या ॲम्पिअरहून कमी आणि दुसऱ्यास पावणेदोन ॲम्पिअर प्रवाह लागतो. चोवीस व्होल्टांच्या गाडींत ह्याच्या निम्मा. बल्बच्या अंगावरील दोन खुंट्या मुद्दाम वरखालीं ठेवलेल्या असतात, म्हणजे तो एकाच रीतीनें बसावा. घाईंत कोणी तो बळानें उलटा दडपला तर रात्रभर मोठा तंतु जळतो आणि ब्रेक दाबल्यावर लहान तंतूची भर तेवढी पडते. मागच्याला थांबण्याची खूण म्हणून कांहीं दिसतच नाहीं.

तर्काचा उपयोग

न्यायशास्त्रांत अन्वय आणि व्यतिरेक अशा दोन कसोट्या आहेत. एक गोष्ट असली कीं दुसरी असते, हा अन्वय; पहिली नसली कीं दुसरीहि नसते, हा व्यतिरेक. पाठशाळेंत धूर आणि अग्नि ह्यांच्या उदाहरणावर हें पुष्कळांनीं घोकलेलें असतें. त्याचा व्यवहारांतील उपयोग पाहावयाचा असेल तर जुन्या मालमोटारीच्या मागें उकिडवें बसावें.

दोन्ही मागचे दिवे एकदम गेले, तर दोन बल्ब एकाच रात्रीं जळाले असें मानण्यापेक्षां दोघांना समान असलेली एक वस्तु बिघडली असें मानण्यांत लाघव आहे. ती वस्तु म्हणजे फ्यूज, स्विच किंवा दोन फांट्यांच्या अलीकडील मुख्य तार. एकच दिवा गेला, तर हीं तिन्हीं निर्दोष. दोष फांट्याच्या पलीकडे. एकाच बल्बांतला ब्रेकचा तंतु नीट पेटतो आणि रात्रीचा पेटत नाहीं, तर परतीची वाट चांगली आहे, कारण ती दोघांचीहि एकच. तेव्हां तंतु तुटला असेल किंवा त्याची स्वतःची तार. खड्ड्यांत चाक आदळलें कीं दिवा विझतो आणि पुढच्या खड्ड्यांत पेटतो, तर कोठें तरी जोड सैल आहे. आणि दिवा लागतो पण मंद लागतो, तर वाट तुटलेली नाहीं, अरुंद झाली आहे: गंज, हिरवा कळंक, किंवा दहा धाग्यांपैकीं दोनच शिल्लक राहिलेली तार.

ही मंदता क्षुल्लक समजूं नये. तंतूच्या बल्बास मिळणारा दाब दहा टक्क्यांनीं घटला तर उजेड दहा टक्क्यांनीं नव्हे, सुमारें तीस टक्क्यांनीं घटतो. त्यांतून तो तांबड्या कांचेंतून बाहेर यावयाचा आणि वर चिखलाचा थर. अंगणांत ‘लागतो आहे’ असें वाटणारा दिवा रस्त्यावर शंभर पावलांवर नाहींसा होतो.

एक विलक्षण उदाहरण

आमच्या एका पुतण्याची रत्नागिरीकडे आंब्याची बाग आहे. हंगामांत पेट्या रात्रीच्या थंडाव्यांत आंबा घाटानें कोल्हापुराकडे न्याव्या लागतात, आणि त्यासाठीं त्यानें एक जुनी मालमोटार ठेविली आहे. तिचा उजवा मागचा दिवा किंचित् मंद, पण लागलेला असे. ब्रेक दाबला कीं तो अधिक उजळण्याऐवजीं पार विझे. उजवा इंडिकेटर दिला कीं तोच दिवा त्याच्या तालावर डोळे मिटूं-उघडूं लागे, आणि ब्रेकला पाय लावलेला नसतांना डाव्या बाजूचा ब्रेकदिवा अंधुकपणें लुकलुके. एका मिस्त्रीनें दोनदां बल्ब बदलले, नंतर ब्रेकचा स्विच बदलला, आणि शेवटीं सारी वायरिंग नवी घालावी लागेल असें सांगून भला मोठा आंकडा कागदावर लिहून दिला. पुतण्यानें तो कागद आम्हांस दाखविला.

ज्याच्या अभावीं हें सर्व एकदम घडेल अशी एकच गोष्ट होती. रात्रीचा दिवा, ब्रेक आणि इंडिकेटर ह्या तिघांच्या जाण्याच्या वाटा निराळ्या. समान ती फक्त परतीची वाट. आम्हीं चारपांच हात लांब तार घेतली, तिचें एक टोंक बॅटरीच्या ऋण टोंकाला जोडलेल्या चासीवरील स्वच्छ बोल्टावर घट्ट धरविलें आणि दुसरें उजव्या दिव्याच्या पत्र्याला, रंग खरवडून, लावलें. तत्क्षणीं तिन्हीं दिवे शहाण्यासारखे वागूं लागले. तार काढली, पुनः तोच गोंधळ. अन्वयहि झाला आणि व्यतिरेकहि.

“पण गुरुजी, बत्ती तर लागत होती ना?” ड्रायव्हरनें विचारलें. प्रश्न रास्त होता. बागेंत पाटाचें पाणी शिंपणाऱ्याला त्याचें उत्तर चटकन् कळेल. पुढचा पाट बुजला म्हणजे पाणी थांबून राहत नाहीं. बांध फोडून शेजारच्या वाफ्यांतून वाट काढतें. येथेंहि तसेंच. रात्रीच्या लहान तंतूंतून आलेल्या प्रवाहास परतीची वाट बंद दिसली, तेव्हां तो त्याच बल्बाच्या ब्रेकच्या तंतूंतून उलटा शिरून, ब्रेकच्या तारेनें डाव्या दिव्याकडे जाऊन, तेथील अर्थानें परत जात होता. दिवा लागे तो अशा परक्या वाटेनें. ब्रेक दाबला कीं त्याच तारेंत बॅटरीचा पूर्ण दाब येई, ती वाट बंद होई, आणि दिवा मावळे.

ह्यांतील भयंकर गोष्ट अशी कीं, उभ्या गाडीचा दिवा कोणीहि तपासला तरी तो लागलेलाच दिसे. विझे तो केवळ ब्रेक दाबतांना; म्हणजे मागच्याला त्याची सर्वांत अधिक गरज असे, नेमक्या त्या क्षणीं. घाटाच्या उतारावर, वळणापाशीं, लादलेली गाडी गति कमी करी आणि त्याच वेळीं तिची उजवी बाजू अंधारांत बुडे.

कारण निघालें तेंहि ऐकण्यासारखें आहे. पासिंगला नेण्यापूर्वीं गाडीला नवा रंग दिला होता. दिवे काढून, चासीला रंग फासून, ते पुनः रंगावरच बसविले होते. आणि स्क्रूच्या आट्यांतून जो थोडा संबंध राहिला होता तो समुद्राकांठच्या खाऱ्या हवेनें वर्षभरांत गंजवून टाकला. रंग विजेला जाऊं देत नाहीं. पत्र्याखालची जागा पॉलिश पेपरनें चकचकीत घासली, दातेरी वॉशर घालून स्क्रू आवळला, वर ग्रीसचा हात फिरविला. अर्ध्या तासाचें काम झालें आणि खर्च वॉशरपुरताच आला.

दुरुस्ती टिकाऊ कशी करावी

दोष सांपडल्यावर तो कायमचा घालविण्यास कांहीं नियम पाळावेत.

काम आरंभण्यापूर्वीं चाकांना उटी लावावी आणि बॅटरीचें चासीला जोडलेलें टोंक प्रथम सोडावें. जोडतांना तें शेवटीं जोडावें. उलट क्रमानें केल्यास पाना एका अंगानें धन टोंकाला व दुसऱ्या अंगानें लोखंडाला लागून क्षणार्धांत लाल होतो. दाब बारा व्होल्टांचा म्हणून शरीरास धक्का बसत नाहीं, पण मोटारीची बॅटरी अशा वेळीं शेंकडों ॲम्पिअर प्रवाह ओतूं शकते, हें विसरूं नये.

अर्थात् तपासणी बॅटरी जोडूनच करावी लागते. तपासण्यास मल्टीमीटर चांगला. परंतु बल्ब काढून नुसत्या तारेचा दाब मोजला तर तो फसवितो. तारेचा एकच धागा शाबूत असला तरी मीटर पूर्ण बारा व्होल्ट दाखवितो, कारण मीटर स्वतः जवळजवळ कांहींच प्रवाह ओढीत नाहीं. म्हणून एक २१ वॅटचा बल्ब होल्डरांत बसवून, त्याला दोन तारा लावून, टेस्ट लॅम्प करावा. ओझें घातल्यावरच तारेचें खरें बळ कळतें. मीटर वापरावयाचा तर दिवा पेटलेला ठेवून, होल्डरचें अंग व बॅटरीचें ऋण टोंक ह्यांमधील दाब मोजावा. तो दोन दशांश व्होल्टांच्या आंत असावा. अधिक असेल तर परतीची वाट बिघडली आहे.

तार कोठें तुटली हें शोधतांना एका टोंकापासून क्रमानें जाऊं नये. मधोमध जाऊन तपासावें. फ्यूजपासून दिव्यापर्यंत तारेचे आठ तुकडे असतील, तर प्रत्येक वेळीं संशयित भाग निम्मा करीत गेल्यास तीन तपासण्यांत दोषी तुकडा हातीं लागतो. प्रथम पाहावीं तीं ठिकाणें म्हणजे चासीला पाडलेलीं भोंकें. तेथील रबरी कडें गळून पडलें कीं पत्र्याची धार तार कापूं लागते. त्यानंतर चाकांच्या वरचा भाग, जेथें चिखल-पाणी उडतें. आणि मग पूर्वीच्या दुरुस्त्यांचे सारे जोड.

कापलेल्या तारेंत आंतलें तांबें हिरवें किंवा काळें दिसलें तर तेवढाच तुकडा जोडून भागत नाहीं. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यांत ताक कळकतें हें आपल्या घरांत सर्वांस ठाऊक आहे. त्याच जातीचा कळंक ओलाव्याबरोबर आवरणाखालून आंतल्या आंत दूरवर पसरतो. चकचकीत तांबें लागेपर्यंत तार मागें कापीत जावें.

जोड देतांना नुसता पीळ देऊन वर टेप गुंडाळण्याची चाल सोडावी. उन्हानें टेपचा चीक पातळ होतो, टेप सुटते आणि पाणी शिरतें. दाबून बसवावयाचें पितळी टोपण घालावें किंवा सोल्डरचा डाग द्यावा. डाग देतांना राळ वापरावी. कल्हईवाल्याचा नवसागर वापरूं नये, कारण त्याचा अंश मागें राहून तांबें खातो. डाग दिलेल्या जागेशेजारीं तार ताठर होऊन हादऱ्यांनीं तुटते, म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंस ती चासीला बांधून टाकावी. वरून उष्णतेनें आवळणारी नळी चढवावी.

नवी तार फार बारीक घेऊं नये. बारा व्होल्टांच्या गाडींत दोन ब्रेकदिव्यांना मिळून साडेतीन ॲम्पिअर प्रवाह लागतो. आठ मीटर लांब, दीड चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार घेतली तर तिच्यांत सुमारें एक तृतीयांश व्होल्ट खर्ची पडतो, तेवढें चालतें. निम्म्या जाडीच्या तारेंत दुप्पट जाईल. शक्य असल्यास प्रत्येक मागच्या दिव्याला परतीचीहि स्वतंत्र तार देऊन ती चासीवरील स्वच्छ बोल्टाला बांधावी, म्हणजे रंगाची व गंजाची चिंता उरत नाहीं.

फ्यूज उडाला तर त्याच आंकड्याचा दुसरा घालावा. सिगारेटच्या पाकिटांतील चांदी किंवा जाड तार बसविणें म्हणजे दारावरच्या रखवालदाराला झोंपेचें औषध पाजणें होय. पुढें कोठें तार घासून चासीला लागली तर फ्यूजच्या जागीं तारच पेटते. आणि वर वाळक्या गवतांत रचलेल्या आंब्याच्या पेट्या असतात.

आजकाल एल. ई. डी. चे दिवे स्वस्त मिळतात. ते प्रवाह कमी घेतात, हादऱ्यांनीं लवकर तुटत नाहींत, म्हणून घेण्यास हरकत नाहीं. जुन्या गाडींत ते घातल्यावर इंडिकेटर फार जलद लुकलुकूं लागतो, तेव्हां त्याचा फ्लॅशरहि बदलावा. मात्र नवा दिवा लावल्यानें कुजलेली तार आणि नाहींसा झालेला अर्थ सुधारत नाहींत, एवढें ध्यानांत असावें.

दिवेलागणीची पाहणी

आपल्या घरांतून दिवेलागणीला तुळशीपुढें दिवा लावण्याची रीत आहे. ज्या घरीं मालमोटार आहे त्या घरीं त्याच वेळेला आणखी एक रीत पाडावी. गाडी रात्रीं निघणार असेल तर एकानें आंत बसावें आणि घरांतील एखाद्या मुलानें मागें वीस पावलांवर, रस्ता सोडून, उभें राहावें. प्रथम ओल्या फडक्यानें कांचा आणि तांबडे परावर्तक पुसावेत. परावर्तकांना वीज लागत नाहीं, सारे दिवे गेले तरी तेच काय ते उपयोगीं पडतात. मग रात्रीचे दिवे लावावे, ते तसेच ठेवून ब्रेक दाबावा, आणि ब्रेक दाबलेला ठेवूनच प्रथम डावा व नंतर उजवा इंडिकेटर द्यावा. एकेक दिवा निराळा तपासून भागत नाहीं. वर वर्णिलेला दोष सर्व दिवे एकत्र लावल्यावांचून दिसतच नाहीं. ड्रायव्हर आपल्या आसनावर बसून हें पाहूं शकत नाहीं, म्हणून ह्याची जबाबदारी मालकाची. सर्व मिळून दोन मिनिटें लागतात. गाडींत तांबडा त्रिकोण आहे कीं नाहीं हेंहि त्याच वेळीं पाहावें आणि मग गाडी रस्त्याला लावावी.